अर्डिथची गोळी कुठं गेली

अर्डिथ व्होंड्रा सहा वर्षं आमच्या क्लबात पिस्तूल चालवत होती आणि सहाही वर्षं शेवटून दुसरी येत होती. शेवटचा नंबर दर वेळी कुणातरी नवख्याचा असे, आणि तो नवखा दोन महिन्यांत तिला मागं टाकून पुढं जाई. मग दुसरा नवखा येई. अर्डिथ आपली तिथंच. ट्रॉय पेश्का तिला ‘क्लबाचा मैलाचा दगड’ म्हणायचा. ती म्हणायची, "दगड आहे म्हणून तर तुला कळतं, तू किती पुढं गेलास ते."

बाई तशी हट्टी. सलाइन काउंटीच्या खडीच्या रस्त्यांवर रोज नव्वद मैल गाडी हाकत टपाल वाटणारी, सत्तावन्न वर्षांची. बर्फ असो, चिखल असो, कुणाचं कुत्रं पोटरीला लोंबकळत असो, पेटीत कागद पडल्याशिवाय तिची गाडी पुढं सरकायची नाही. या खेळात ती आली तीही अशीच. तिच्या नवऱ्यानं, रोलंडनं, मोठ्या हौसेनं पट्टा आणि पिस्तूल खोचायचं होल्स्टर आणलं आणि दोन स्पर्धांत गुडघे धरले म्हणून सोडून दिलं. "नवा कोरा पट्टा काय खुंटीला शोभेला लावायचा?" असं म्हणून अर्डिथनं त्याला तीन भोकं जास्तीची पाडली आणि स्वतःच्या कमरेला बांधला.

एका जागी उभं राहून, श्वास रोखून, काळ्या ठिपक्यावर नेम धरायचा तो हा खेळ नव्हे. इथं पळावं लागतं. लाकडी भिंती, पिंपं, खिडक्या अशी मांडणी असते आणि त्यांच्या आडून खाकी पुठ्ठ्याचे चौकोन डोकावत असतात. टायमर वाजला की निघायचं आणि दिसेल त्या पुठ्ठ्यावर दोन-दोन गोळ्या मारत शेवटापर्यंत जायचं. मधोमध लागली तर पाच गुण, कडेला लागली तर कमी, चुकली तर वर दंड; जास्तीची गोळी मारायला मनाई नाही, पण तेवढे सेकंद जातात. शेवटी मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. म्हणजे सावकाश मारणाराही मेला आणि घाईत चुकणाराही मेला.

अर्डिथ सावकाश मरणाऱ्यांतली. चुकायची फार कमी, पण गोळी सुटली की तिची नजर पिस्तुलाच्या टोकावरच्या माशीवरून, म्हणजे नेम धरायच्या खुंटीवरून, उठून पुठ्ठ्यावर जायची. भोक पडलं का? कुठं पडलं? भोक दिसलं की जीव भांड्यात पडायचा, मग दुसरी गोळी. तिच्या दोन गोळ्यांच्या मध्ये माणूस कॉफी ओतून साखर ढवळून घेईल. घोडं तिथंच पेंड खात होतं, हे सगळ्यांना दिसत होतं आणि सगळ्यांनी तिला सांगूनही झालं होतं. तिलाही ते पटायचं. पण न बघता कळायचं कसं, हे कुणी सांगत नव्हतं.

त्या एप्रिलमध्ये क्लब चालवणाऱ्या जोलीननं जाहीर केलं की ऑक्टोबरात ग्रँड आयलंडच्या राज्य स्पर्धेला आपला चौघांचा संघ जाणार. तिघं ठरल्यातच जमा होते. चौथी जागा, सप्टेंबरपर्यंतच्या स्पर्धांत ज्याची बेरीज जास्त त्याची.

अर्डिथला ती जागा हवी होती. कुणालाही सांगायला लाज वाटावी इतकी हवी होती. शाळेत असताना व्हॉलीबॉलच्या संघात ती चार वर्षं बाकावर बसली होती, चर्चच्या बोलिंगच्या, चेंडू घरंगळवून खुंट्या पाडायच्या, संघात कुणी आजारी पडलं तरच तिला फोन यायचा. आयुष्यात एकदा तरी कुणीतरी चार नावं वाचावीत आणि त्यात आपलं असावं, एवढीच तिची इच्छा. रात्रीच्या जेवणाला तिनं हे रोलंडला सांगितलं. त्यानं आधी तिच्याकडं बघितलं, मग ताटाकडं बघितलं आणि म्हणाला, "ट्रॉयला हरवावं लागेल मग."

"माहीत आहे."

"मी आपला आठवण करून दिली."

ट्रॉय पेश्का हा डुकरांचा डॉक्टर. एक्केचाळीस वर्षांचा, तोंडानं तिखट, मनानं लोणी. त्यालाही तीच जागा हवी होती.

दुसऱ्या दिवशी टपाल वाटून झाल्यावर अर्डिथ मिस्टर कुबिचेक यांच्या दारात उभी राहिली. एकोणऐंशी वर्षांचे हे गृहस्थ क्लब स्थापन करणाऱ्यांपैकी एक आणि एकेकाळी या खेळातलं मोठं नाव. त्याआधी छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत बँड शिकवला. अर्डिथ त्यांच्या हाताखाली क्लॅरिनेट वाजवायची, तेही वाईट वाजवायची. आता नातवंडं व्हायचं वय झालं तरी ती त्यांना ‘मिस्टर कुबिचेक’च म्हणायची. आमच्या गावात एकदा जो मास्तर झाला तो मरेपर्यंत मास्तर. दोन वर्षांपासून त्यांनी पिस्तूल बाजूला ठेवलं होतं. पाठ धरते, म्हणायचे. स्पर्धेच्या दिवशी सून त्यांना रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, सोडायची आणि ते एका पालथ्या बादलीवर बसून दिवसभर ऐकत राहायचे.

"मंगळवारी याल रेंजवर?" अर्डिथनं विचारलं. "मी मारते, तुम्ही कशा जातात तेवढं बघा."

म्हाताऱ्यानं दाराची चौकट धरली. मग म्हणाला, "येतो. पण माझ्या पद्धतीनं."

ती पद्धत पहिल्याच मंगळवारी कळली. अर्डिथनं एका पुठ्ठ्यावर सहा गोळ्या मारल्या, पिस्तूल रिकामं करून होल्स्टरात घातलं आणि वळून त्यांच्याकडं बघितलं.

"कुठं गेल्या?" कुबिचेक म्हणाले.

"थांबा, बघून येते."

"बघून काय, कुणीही सांगेल. इथून सांग. एकेक."

"पहिली मधोमध. दुसरी… मधोमधच असेल. तिसरी देवाला माहीत."

"देव आपल्या क्लबाचा सभासद नाही. तू सांग."

तिनं सहाही अंदाजपंचे सांगितल्या. मग दोघं पुठ्ठ्यापाशी गेले, आणि तिथंही म्हाताऱ्यानं तोंड उघडलं नाही. "वाच मोठ्यानं," म्हणाले. तिनं भोकं वाचली. सहांपैकी दोन बरोबर निघाली.

"पुन्हा," कुबिचेक म्हणाले.

एप्रिल गेला, मे गेला. दर मंगळवारी तेच. मारल्या? मारल्या. कुठं गेल्या? घरीही तिला चैन नव्हतं. गोळ्या गॅरेजातल्या कपाटात कुलपात, आणि रिकामं पिस्तूल घेऊन ती तळघरात. भिंतीवर कोटाचं बटण चिकटवलेलं. त्यावर माशी धरायची, चाप ओढायचा आणि ‘खट्’ झालं त्या क्षणी माशी कुठं होती ते मोठ्यानं म्हणायचं. रोज वीस मिनिटं. जिन्याच्या वरून रोलंड विचारायचा, "मेली का गं भिंत?"

"धुगधुगी आहे अजून."

"लवकर आटप. तिचे हाल बघवत नाहीत."

जूनच्या दुसऱ्या मंगळवारी ते घडलं. चौथी गोळी सुटताना तिला दिसलं की माशी उजवीकडं ढळली आहे. पुठ्ठा नाही दिसला, भोक नाही दिसलं, फक्त ती ढळलेली माशी, फोटो काढल्यासारखी स्वच्छ. "चौथी उजव्या कडेला," ती म्हणाली, आणि गोळी उजव्या कडेलाच होती. सहा वर्षं हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरच चाललं होतं आणि ती भलतीकडं बघत होती.

"डोळ्याला सगळं दिसत असतं," ती रात्री रोलंडला सांगत होती. "पण मन विश्वास ठेवत नाही. मन म्हणतं, जाऊन बघून ये."

"माझ्या आईचंही असंच होतं," रोलंड म्हणाला. "शेगडी बंद केली की तीनदा परत जायची."

त्यानंतर बाई सुटली. जुलैत ती मधल्या नंबरांत आली. ऑगस्टमध्ये ट्रॉयच्या पुढं गेली, केसाच्या अंतरानं का होईना. मैलाचा दगड चालायला लागला म्हणून ट्रॉयनं सगळ्यांदेखत टोपी काढली. मग हळूच म्हणाला, "मी झोपेत तुझं नाव घेतो म्हणून बायको तक्रार करत्येय. आता काय सांगू तिला?"

सप्टेंबरातल्या शेवटच्या स्पर्धेला वारा होता. छपराखाली मिरचीदार राजम्याचं पातेलं आणि दालचिनीचे गोड पाव मांडून झाले होते, पण अर्डिथ तिकडं फिरकलीच नाही. पाच मांडण्या झाल्या तेव्हा तिची आणि ट्रॉयची बेरीज जवळजवळ सारखी होती. राहिली शेवटची. बारा पुठ्ठे, चोवीस गोळ्या. ट्रॉयनं आधी मारली, एकही न चुकवता, आणि मारलीही झकास. जोलीननं टॅबलेटवर हिशेब केला आणि सरळ सांगितलं, "अर्डिथ, एकही चुकवायची नाही आणि एकवीस सेकंदांच्या आत. मग जागा तुझी."

"हे सांगायलाच हवं होतं का?" अर्डिथ म्हणाली.

"तूच विचारलंस."

टायमर वाजला. अर्डिथ निघाली ती कधी नव्हे अशी निघाली. पहिली खिडकी, दुसरी, पिंपांच्या मधून, धावता धावता गोळ्यांचं मॅगझिन बदललं, भिंतीच्या टोकाला डावीकडं वाकून सातवा पुठ्ठा. तिथली दुसरी गोळी सुटली तेव्हा माशी पुठ्ठ्याच्या कडेवरून वर गेलेली तिला दिसली. स्वच्छ दिसली. पण पाय पुढं निघाले होते आणि मन म्हणालं, लागली असेल. ती पुढं गेली. वीस पॉइंट दोनला शेवटची गोळी. मागं टाळ्या पडल्या. अर्डिथला त्या नकोशा झाल्या. तिला ठाऊक होतं.

आता आमच्याकडं रीत अशी की एकाची फेरी झाली की बाकी सगळे पुठ्ठ्यांकडं धावतात. पुढं गुण लिहिणारा, मागून खाकी चिकटपट्टीचे तुकडे घेऊन बाकीचे, भोकं बुजवत. ज्याच्याशी आपली लढत त्याचीही भोकं आपणच बुजवायची. हात खिशात घालून उभा राहणारा माणूस आमच्यात कुणाला आवडत नाही. नियम एकच, गुण लिहिल्याशिवाय पट्टी लावायची नाही. पण ट्रॉय त्या वेळी डोक्यात बेरजा करत होता. गेली आपली जागा, असं म्हणत तो भिंतीच्या दुसऱ्या बाजूनं आला, समोर भोक दिसलं, हाताच्या सवयीनं पट्टी लावली आणि वरून अंगठा दाबला. तो सातवा पुठ्ठा होता.

जोलीन तिथं पोचली आणि थांबली. पुठ्ठ्यावर दिवसभराच्या तीसेक पट्ट्या होत्या. नवी कुठली, जुनी कुठली, कुणाला सांगता येणार?

"ही कुणी लावली?"

ट्रॉयचा चेहरा पांढरा पडला. "मी."

"किती भोकं होती?"

"एक दिसलं. दुसरं… जोलीन, मी बघितलंच नाही गं."

"एकच होतं," अर्डिथ मागून म्हणाली. "दुसरी वरून गेली. चुकली म्हणून लिही."

"तुला इतक्या लांबून काय दिसलं?"

"सुटताना दिसलं."

जोलीननं मान हलवली. "तुझं खरं असेलही. पण पुठ्ठा वाचता येत नसेल तर पुन्हा मारायचं, असं पुस्तकात लिहिलंय. त्यात अर्डिथला विचारा असं नाही लिहिलेलं. मॅगझिनं भर."

ट्रॉयनं कपाळाला हात लावला. हरलेली बाई त्यानं स्वतःच्या अंगठ्यानं उठवून उभी केली होती. अर्डिथला त्याच्याकडं बघवेना. मॅगझिन भरता भरता तिच्या मनात आलंच की थोडं हळू मारावं, कुणाला कळणार आहे? ट्रॉय तिच्याजवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसतंय. दया दाखवलीस तर तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. चूक माझी आहे. ती माझ्याकडंच राहू दे."

"वाईट वाटतंय रे."

"मलाही वाटतंय. जा आता, मार."

ती पुन्हा रेषेवर उभी राहिली. जोलीन मागून म्हणाली, "तयार हो." मग टायमर.

या वेळी ती पहिल्याइतकी उडाली नाही. पाय जड होते. पण माशी दिसत होती, प्रत्येक गोळीला. मध्ये. मध्ये. जरा कडेला, पण आत. मॅगझिन बदललं. डावीकडं वाकून सातवा, दोन्ही मध्ये. आठवा, नववा. दहाव्यावरच्या दुसऱ्या गोळीला माशी पुन्हा वर उडाली, आणि पाय पुन्हा निघाले. मन पुन्हा म्हणालं, लागली असेल. अर्डिथनं मनाचं ऐकलं नाही. पाय उचललेला असतानाच तिनं तिसरी मारली. मागं कुणीतरी "अगं!" म्हणालं. अकरावा, बारावा. थांबली.

"वीस पॉइंट आठ," जोलीन म्हणाली.

या खेपेला सगळे हात वर धरून चालले, चोरासारखे. ट्रॉय सर्वांत मागं. दहाव्या पुठ्ठ्यापाशी जोलीन वाकली, बोटानं मोजलं आणि सरळ झाली. "दोन भोकं. तिसरी मारली नसतीस तर एकच असतं." ती पुढं गेली. अकरा बरोबर, बारा बरोबर. एकही चूक नाही.

छपराखाली जोलीननं चार नावं वाचली. चौथं अर्डिथ व्होंड्रा. ट्रॉय उठला, सगळ्यांदेखत तिला मिठी मारली आणि म्हणाला, "ग्रँड आयलंडला खाली मान घालायला लावलीस तर माझ्याशी गाठ आहे." त्याचे डोळे ओले होते, आणि तिचेही. रोलंड दालचिनीचा पाव हातात धरून नुसताच उभा होता.

मग अर्डिथ रेंजच्या टोकाला गेली. मिस्टर कुबिचेक अजून बादलीवर बसले होते. ती त्यांच्या शेजारी गवतात बसली.

"झाली निवड," ती म्हणाली. "तुमची पद्धत नसती तर आज काही खरं नव्हतं."

"कसली पद्धत?"

"न बघता सांगायची. कुठं गेल्या ते."

म्हाताऱ्यानं गुडघ्यावरचे हात एकमेकांत गुंफले. "अर्डिथ, ती पद्धत नव्हती. मला भोकं दिसत नव्हती."

तिला आधी कळलंच नाही.

"दोन वर्षं झाली. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध काळं धरलंय. कडेकडेनं थोडं दिसतं, बास. पाठ बीठ काही धरत नाही. तू दारात आलीस, म्हणालीस, बघा कशा जातात. नाही दिसत म्हणायची लाज वाटली. म्हणून म्हटलं, तूच सांग."

अर्डिथला सगळे मंगळवार आठवले. पुठ्ठ्यासमोर उभा राहून ‘वाच’ म्हणणारा तो माणूस. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

"आणि मी खोटं वाचलं असतं तर?"

"तर मला कळलं नसतं," कुबिचेक म्हणाले. "पण तू सारखी अंदाज चुकला, चुकला म्हणायचीस. इतक्या वेळा चुकला म्हणणारी बाई खोटं वाचत नसते."

ती हसली, नाक पुसलं. "ग्रँड आयलंडला याल ना?"

"काय करू येऊन? तिथं मला कोण विचारतंय, आणि दिसणार काय?"

"मी घेऊन जाईन. बादली मी आणते. तुम्ही फक्त बसा. प्रत्येक फेरी झाली की येऊन सांगेन."

म्हाताऱ्यानं तोंड रेंजकडं वळवलं. "दहाव्याला तीन मारल्यास आज," तो म्हणाला. "मी मोजल्या. का?"

"दुसरी वरून गेली."

"केव्हा कळलं?"

"सुटली तेव्हाच."

"मग येतो," मिस्टर कुबिचेक म्हणाले. "आता पहिलीपासून सांग."